वरची हवा

साहेब फोनवर म्हणाले, “गायत्री, तुझ्या माहेराकडं पडलाय. तूच जा.” माझं माहेर तामलवाडीचं, आणि पडला होता सास्तूरजवळ. मध्ये जवळजवळ अख्खा जिल्हा आडवा. पण हैदराबादेत खुर्चीवर बसलेल्या माणसाला तामलवाडी काय नि सास्तूर काय, दोन्ही सारखीच लांब. मी वाद घातला नाही. खरं तर मला जायचंच होतं, पण ते त्यांना कशाला सांगा.

पडला होता तो आमचा बलून. दिवस उजाडायच्या आत आम्ही तो हैदराबादेहून सोडला होता. कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्याइतकं पातळ प्लास्टिक, त्याखाली दोर, दोराला पॅराशूट आणि सगळ्यात खाली पेटी. पेटीत नारळाएवढे स्टीलचे गोळे. जमिनीवरच त्यांच्यातली हवा पार शोषून घ्यायची आणि त्यांना रिकामं करून वर पाठवायचं. ठरलेल्या उंचीवर एकेका गोळ्याचं तोंड उघडतं, तिथली घोटभर हवा आत घेतं आणि मिटतं. मग दोर कापायचा, पॅराशूट उघडायचं आणि वारा नेईल तिथं जाऊन पेटी शोधायची. वारा बहुतेक वेळा आमच्या मराठवाड्याकडंच आणून टाकतो. तो का, ते मला विचारू नका; विचारलंत तर मी तासभर सांगेन.

त्या हवेत आम्ही क्लोरीन शोधतो. जुन्या फ्रिजमध्ये जो गॅस भरायचे, त्यात तो असतो. गॅस गळला की वर्षानुवर्षं तरंगत वर जातो, तिथल्या कडक उन्हात तुटतो आणि आतला क्लोरीन मोकळा होऊन ओझोनला खातो. आता तो गॅस बनवणं जगानं बंद केलंय. पण जो सुटला तो सुटला, त्याचं आयुष्य माणसापेक्षा मोठं. तो कमी होतोय का आणि किती, हे बघायचं माझं काम. त्या ठिकाणी भर दुपारी आभाळ काळं असतं. पाखरू नाही, ढग नाही, आवाज तर नाहीच. माझा अर्धा जीव कायम तिथंच असतो, म्हणून घरचे म्हणतात की ही समोर बसलेली असली तरी हजर नसते.

लोहाऱ्यात महांतेश भेटला. त्याची काळी-पिवळी जीप. एरवी तो सीटावर सीट भरून माणसं नेतो, त्या दिवशी माझ्या एकटीसाठी निघाला आणि त्याला ते फार चैनीचं वाटत होतं.

“मॅडम, त्याच्यात कॅमेरा हाय का?”

“नाही.”

“मग हाय काय?”

“हवा.”

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. “हवा आणायला हवेत जायचं,” तो म्हणाला आणि पुढं सास्तूर येईपर्यंत एकटाच हसत राहिला.

पेटी बंडप्पांच्या हरभऱ्यात उतरली होती. लांबूनच पॅराशूट दिसलं, केशरी-पांढरं, वाऱ्यानं थोडं फुगायचं आणि निजायचं. माघाचं ऊन होतं. शेजारच्या शाळूत वारा फिरत होता. बाया बांधावर बसून होत्या, मोटरसायकली उभ्या होत्या, आणि पेटीला हळद-कुंकू लागलेलं होतं. पुढ्यात फोडलेला नारळ. मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला. तो खात खात मी गोळे बघू लागले. एक खोबण रिकामी होती. आदळल्यावर पट्टा तुटला असणार. आणि रिकामी कुठली, तर सगळ्यात वरच्या हवेची! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच गोळा गायब.

“कुणी घेतला?” माझा आवाज चढला. “एक गोळा कमी आहे. कुणी नेला तो?”

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. बंडप्पा पुढं आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ, कपाळावर विभूती.

“वरडू नगा, बाई. चोरी न्हाय झाली. आमच्या काकूनं नेलाय. इरम्मा काकू.”

“नेला म्हणजे? ती काय नेण्याची वस्तू आहे? त्याची तोटी कुणी जरा फिरवली ना, तर इथली हवा आत शिरेल आणि सगळं मातीत जाईल. पुन्हा तसा नमुना मिळायला पुढचा माघ उजाडावा लागेल!”

“तोटी फिरवायची न्हाय ती,” बंडप्पा म्हणाले. “चला, दावतो.”

भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या ओळीतलं इरम्माचं घर. पुढं शेवग्याचं झाड. आत अंधारात नजर सरावायला वेळ लागला. मग देवळीत माझा गोळा दिसला. तांब्याच्या ताटलीत बसवलेला, पाण्यानं धुतलेला, आडवी विभूती ओढलेला, वर बेलाचं पान, आणि तोटीच्या मानेला पांढरा दोरा. समोर निरांजन. निरांजन आणखी जवळ असतं तर तोटीतलं रबर वितळलं असतं.

मी वाकून बघितलं. तोटीवरची सीलची तार जशीच्या तशी होती. कुणी हात लावला नव्हता. मी तिथंच खाली बसले.

“पाणी दे गं तिला, बंडप्पा,” कोपऱ्यातून आवाज आला. चुलीपाशी इरम्मा बसली होती. वय झालेलं, पण पाठ ताठ. घरची बोली कानडी, म्हणून बंडप्पा पुरुष असूनही तिनं त्यांना गं म्हटलं, आणि त्यांनी मुकाट पाणी आणलं.

“आजी, हा गोळा आमचा आहे,” मी म्हणाले.

“व्हय? मला वाटलं, माझा हाय.”

तिनं मग सांगितलं. सकाळी ती एकटीच हरभऱ्यात घाटे खुडत होती. वर बघितलं तर आभाळातनं काहीतरी उतरत होतं. “घाई न्हाय त्याला. पडायचं तर धाडकन पडावं. पर हे सावकाश, विचार करत करत आलं. म्या उभीच ऱ्हायले. पेटी तिकडं टेकली आन् हा गोळा सरीतनं गडगडत आला, आन् माझ्या पायाशी थांबला. बघ, एवढं रान पडलंय, आन् माझ्या पायाशी.”

“उतार असेल तिकडं,” मी म्हणाले. माझा स्वभावच मेला असा.

“असंल,” ती म्हणाली. तिला राग आला नाही.

पुढचं बंडप्पांनी सांगितलं. लिंगायतांच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात बांधलेलं. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात. ते घेऊन तो जातो. त्र्याण्णवच्या भूकंपात इरम्माचा नवरा, महालिंगप्पा, जुन्या गावात दगडांखाली गेला. तो सापडला तेव्हा गळ्यात दोरा नव्हता. डबी ढिगाऱ्यात कुठं गेली, कुणाला कळलं नाही. वरून पाऊस. पुरायला खड्डे खणणार कोण आणि किती? सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. महालिंगप्पाही त्यातच गेला. मोकळ्या हातानं.

“धूर झाला त्याचा,” इरम्मा म्हणाली. “म्या तवापासनं वर बघते. लोक देवाला बघतात, म्या माझ्या माणसाला बघते. आन् आज वरनं ही डबी आली. एवढी मोठी, चकचकीत. म्हनलं, त्याची हरवलेली त्यानंच शोधली आन् धाडली मला.”

आत आले तेव्हा तोंडात दोन-चार धारदार वाक्यं तयार होती, ती सगळी गिळली. माझ्यासाठी तो वर्षभराचा नमुना होता. तिच्यासाठी तीस वर्षांनी आलेला निरोप. आणि मी तो उचलून न्यायला बसले होते.

“ह्याच्यात हाय काय पर?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. फार वरची हवा, तिच्यात फ्रिजचा जुना गॅस आणि त्या गॅसातला क्लोरीन. फ्रिज म्हटल्याबरोबर ती ताठ झाली.

“कसला फ्रिज?”

“जुने फ्रिज असतात ना, त्यातला गॅस—”

“मला फ्रिज शिकवू नगंस, पोरी.” ती पहिल्यांदाच हसली. “माझा मालक फ्रिजच दुरुस्त करायचा.”

बंडप्पांनी मान हलवली. खरंच होतं. महालिंगप्पा सोलापुरात काम शिकून आला होता. आसपासच्या गावांत तो एकटाच फ्रिजवाला. उमरग्याची हॉटेलं, लोहाऱ्याची शीतपेयांची दुकानं, सगळ्यांचे फ्रिज बैलगाडीतनं, टेम्पोतनं सास्तूरला त्याच्या ओसरीवर यायचे. लोक त्यांच्या जुन्या गावातल्या घराला फ्रिजवाल्याचं घर म्हणायचे.

“अंगणात न्यायचा आन् नळी तोडायचा,” इरम्मा सांगू लागली. “फुस्स करून गॅस जायचा वर. मग हात धुवून जेवायला यायचा. म्या आत चुलीपाशी. फुस्स ऐकलं की तव्यावर भाकर टाकायची. तो हात धुवून येस्तवर भाकर फुगलेली. कधी चुकलं न्हाय.”

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक वक्ररेषा लावलेली आहे. वर चढत गेलेली, मग हळूहळू उतरणारी. ती मी रोज बघते. त्या चढणीत कुठंतरी सास्तूरचं अंगण असेल, भाकर असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

“आजी,” मी म्हणाले, “त्यांनी सोडलेला गॅस अजून वर आहे.”

“कसा? तीस वरसं झाली.”

“तो शंभर वर्षं टिकतो. बराचसा अजून तिथंच आहे.”

निरांजनाची वात तिनं काडीनं पुढं सारली. मग हळू आवाजात म्हणाली, “ह्या गोळ्यात?”

मी बाहेर आले. महांतेशच्या जीपच्या काचेवर धुळीचा थर होता. मी बोटानं त्या धुळीवर हिशेब मांडला. एका फ्रिजात गॅस किती, पृथ्वीभोवती हवा किती, गोळ्यात किती मावली. शून्यांवर शून्यं काढत काच संपली, तशी बॉनेटवर आले. महांतेश म्हणाला, “मॅडम, गाडी धुवायची ऱ्हायली हे असं दावू नगा सगळ्यांना.” मी दोनदा करून बघितलं, कारण उत्तरावर माझाच विश्वास बसेना. एका फ्रिजमागं साधारण एक कण. त्यानं जितके फ्रिज दुरुस्त केले असतील, जवळपास तितके त्याचे कण त्या नारळाएवढ्या गोळ्यात होते. त्यातच काय, जगात कुणीही कुठूनही भरलेल्या तशा गोळ्यात असते. पण तिच्या पायाशी आलेल्या गोळ्यात होते, हेही खोटं नव्हतं.

आत जाऊन मी तसंच सांगितलं. “कुठला कण कुणाचा, हे मला ओळखता येत नाही. पण ह्यात त्यांचे थोडे आहेत. हिशेबानं आहेतच.”

“म्हंजे म्या खुळी न्हाय.”

“नाही, आजी.”

तिनं देवळीकडं बघितलं. “आन् तो गॅस काय करतो वर? तू बोललीस मघाशी. खातो म्हनलीस काहीतरी.”

हे मला टाळायचं होतं. पण ती नजर हटवेना. मी ओझोनचं सांगितलं. उन्हापासून राखणारा थर, तो पातळ झाला होता, ते सगळं.

“म्हंजे त्याच्या हातनं आभाळ फाटलं?”

“एकट्याच्या नव्हे. साऱ्या जगानं केलं ते. आणि तेव्हा त्यांना कोण सांगायला आलं होतं? आता गॅस सोडणं थांबलंय. आता हळूहळू भरून येतंय.”

“नक्की?”

“तेच तर मोजायला हा गोळा पाहिजे.”

मला वाटलं ती रडेल, किंवा गोळा पोटाशी धरून बसेल. पण ती बराच वेळ चुलीतला निखारा उलटापालटा करत राहिली. मग उठली, हात धुतले, बेलाचं पान काढून डोळ्यांना लावलं आणि गोळा माझ्या ओंजळीत ठेवला.

“ने. त्याचं नाव खराब ऱ्हायला नगं. भरून येतंय का बघ. पर बघून झालं की माघारी आण. माझ्याम्होरं सोड. अंगणात. जसा तो सोडायचा तसा.”

“आणते,” मी म्हणाले.

हैदराबादेत मी गोळ्यावरची विभूती ओल्या कापडानं पुसली. तोटीच्या आट्यांत अडकलेली सगळी काही निघाली नाही. साहेबांनी विचारलं, हे पांढरं काय? मी म्हटलं, धूळ आहे, गावाकडची. नमुना उत्तम निघाला; त्यातली थोडीच हवा लागली, उरलेली आत ठेवून मी तोटीला नवी सीलची तार बांधली. भिंतीवरच्या रेषेचं टोक आणखी जरासं खाली आलं. नखाएवढं, पण खालीच. मी त्या टोकावर बोट ठेवून बराच वेळ उभी होते. गोळ्याला मात्र आपटल्यामुळं पोचा पडला होता. पुढच्या खेपेला तो चालण्यासारखा नव्हता, म्हणून भंगारात जायचा होता. तो मी मागून घेतला.

तो पिशवीत घालताना माझ्या लक्षात आलं. सोड म्हणाली होती ती, फुस्स करून. पण वरची हवा इतकी विरळ की गोळा जवळजवळ रिकामाच. तोटी उघडली तर आतून बाहेर काही येणारच नाही. उलट बाहेरची हवाच आत घुसेल. ही गोष्ट मी शाळकरी मुलांना शिकवते, आणि तिच्यासमोर बसून “आणते” म्हणताना मला आठवली नव्हती. तिनं तीस वर्षांनी एक आवाज मागितला, आणि मी घेऊन चालले होते नेमकी उलटी गोष्ट. वाटेत मी दहा युक्त्या योजल्या. गोळ्यात पंपानं हवा भरावी, म्हणजे फुस्स तरी होईल. पण मग ती फसवणूक. फसवायचं असतं तर धुळीत हिशेब कशाला केला असता?

चैत्रातली दुपार उतरली होती. शेवग्याला शेंगा लोंबत होत्या. महांतेश जीप वळवून सावलीला लावत होता. इरम्मा अंगणात सडा घालून बसली होती, अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून. मी तिच्यासमोर बसले आणि आधी बातमी सांगितली.

“भरून येतंय, आजी. थोडं थोडं.”

“शिवा शिवा,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मग मी दुसरं सांगितलं. माझा आवाज बारीक झाला होता. “पण ते फुस्स होणार नाही. ह्यातून बाहेर काही येणार नाही. उलट तोटी उघडली की हा आत ओढेल.”

“आत वडंल?”

“हो. इथली हवा.”

ती गोळ्याकडं बघत राहिली. मी मान खाली घालून बसले. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तसाच गोळा ठेवून निघून गेले असते.

“उघड,” ती म्हणाली.

तिनं पदर सावरला, पुढं वाकली आणि तोंड तोटीजवळ आणलं. मी सीलची तार तोडली आणि तोटी फिरवली. आवाज झाला. फुस्स नव्हे, लांब, खोल, आत जाणारा. झोपेतून उठताना माणूस घेतो तसा. तिच्या गालावर चिकटलेली पांढरी बट तोटीकडं ओढली गेली आणि थरथरली. मग आवाज थांबला.

“उसिरु,” ती पुटपुटली. मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, “श्वास. श्वास घेतला त्यानं.”

उतार असेल तिकडं, असं म्हणायला ह्या खेपेला जीभ उचलली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

“मिट आता तोटी. घट्ट मिट.”

मी मिटली. तिनं गोळा हातात घेतला, पदरानं पुसला, पोच्यावरून अंगठा फिरवला. आत आता घोटभर वरची हवा होती, आणि बाकी सगळा तिचा श्वास.

“बंडप्पा,” तिनं हाक मारली. ते शेवग्यापाशी उभे होते. “ऐक. मला पुरताना माझं लिंग माझ्या उजव्या हातात दे. डाव्या हातात हे दे. त्याला मोकळं जावं लागलं. त्याचं म्या घेऊन जाईन.”

बंडप्पांनी मान हलवली.

मग इरम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. मला वाटलं, गोळा देवळीत ठेवायला चालली. पण दारात थांबून तिनं मागं वळून बघितलं. माझ्याकडं नव्हे, अंगणातल्या मोकळ्या जागेकडं.

“हात धुवा,” ती म्हणाली, “भाकर टाकते.”